नाव नसलेला जुना बँजोलेले: सगळा उघडला तेव्हा कळलेली घडण

तंतुवेडा

मंडळी,

बँजो-युकुलेले, म्हणजेच बँजोलेले, हे वाद्य आपल्याकडे फारसं कुणी हाताळलेलं नाही. मी राहतो त्या इंग्लंडातल्या लँकेशर भागात मात्र जुन्या घरांच्या माळ्यांवरून ते अजूनही निघतं. माझ्याकडचं असंच घरसामानाच्या लिलावातून आलं. त्यावर कारखान्याचं नाव कुठेच नाही, त्यामुळे किंमतही बेताचीच होती. मी ते शेवटच्या स्क्रूपर्यंत सुटं केलं. वादकांबद्दल भरपूर लिहिलं जातं, बनवणाऱ्यांबद्दल फार थोडं. म्हणून हा धागा.

आधी थोडी पूर्वपीठिका. २३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेवन्सक्रॅग’ हे जहाज मदेरा बेटावरून पोर्तुगीज मजूर घेऊन होनोलुलूला लागलं. त्यात मानुएल नुनेस, जोझे दो एस्पिरितो सांतो आणि आगुस्तो दियास हे तीन फर्निचरचे कारागीर होते. मदेराच्या छोट्या चार-तारी गिटारीवरून हवाईत युकुलेले घडलं ते यांच्या हातून. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात हवाई संगीत गाजलं आणि अमेरिकाभर युकुलेलेची लाट आली. अडचण एकच होती, आवाज नाजूक. तेव्हा रंगमंचावर मायक्रोफोन नव्हते. बँजो मात्र थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. मग बँजोचं कातडी भांडं घेऊन त्याला युकुलेलेची आखूड दांडी आणि चार तारा लावल्या गेल्या. युके (म्हणजे युकुलेले) वाजवणाऱ्याला नवीन काही शिकायला नको, बोटं तीच. १९१७ च्या आसपास हे झालं. कॅलिफोर्नियातला जॉन बोलँडर आणि हवाईत जन्मलेला आल्विन कीच, दोघांनाही त्याचं श्रेय दिलं जातं. ‘बँजुलेले’ हे नाव कीचने चालवलं आणि पुढे लंडनला येऊन तिथे ही वाद्यं विकली.

आता घडण.

लाकडी रिम, म्हणजे कातडं ज्यावर ताणतात ती गोल चौकट, ८ इंच व्यासाची, मेपलची. वार्निश उडालेल्या कडेवर भिंग धरलं की तीन थर स्वच्छ दिसतात. म्हणजे ही सलग फळीतून कोरलेली नाही. फळीतून गोल कापलं तर रेषा दोन ठिकाणी आडव्या तुटतात, तिथे लाकूड कच्चं राहतं आणि काही वर्षांत गोलाचा लंबगोल होतो. म्हणून मेपलच्या पातळ पट्ट्या वाफेवर मऊ करून साच्याभोवती वळवायच्या, वाळल्या की एकावर एक सरसाने चिकटवायच्या. असं केलं की रेषा पूर्ण वर्तुळभर लाकडाबरोबर फिरते. प्रत्येक थराचा सांधा वेगळ्या जागी हवा, नाहीतर रिम नेमकी तिथेच उकलते. माझ्या रिमचे तिन्ही सांधे साधारण सारख्या अंतरावर आहेत आणि टोकं तिरकी तासून एकमेकांवर चढवलेली आहेत, म्हणजे सरसाला धरायला जागा जास्त. नंतर रिम लेथवर चढवून नितळ केली आहे. आतल्या बाजूला हत्याराच्या बारीक रेषा अजून बोटाला लागतात.

रिमच्या वरच्या काठावर पितळेचं कडं बसवलंय. कातडं लाकडावर न टेकता या कड्यावर टेकतं. बँजोच्या आवाजाला जी धार असते त्यात या कड्याचा वाटा मोठा आहे.

दांडीच्या मुळातून निघालेली चौकोनी काठी रिमच्या पोटातून आरपार जाते आणि समोरच्या बाजूला स्क्रूने बांधली जाते. अमेरिकेत तिला डॉवेल स्टिक म्हणतात, इंग्लंडात पर्च पोल. तारांचा ओढा रिमची दोन टोकं जवळ आणू बघतो, ही काठी त्यांना दूर राखते. कातडं, कडं, दांडी, मागचा रेझोनेटर (आवाज पुढे फेकणारी पाठ), सगळं स्क्रू आणि नटांवर धरलेलं आहे. ताण सोसणाऱ्या मोठ्या भागांत सरसावर विसंबलेली अशी एक रिमच. माझ्या मते या वाद्याचं खरं वेगळेपण इथे आहे. हा आधी ढोल आहे आणि मग तंतुवाद्य. ढोल बनवणाऱ्यांच्या अकलेने तो घडवलाय, आणि म्हणूनच शंभर वर्षांनीही एक पाना आणि एक स्क्रूड्रायव्हर घेऊन तो पूर्ण सुटा होतो आणि पुन्हा जसाच्या तसा जुळतो.

पडद्यांचं, म्हणजे दांडीवरच्या आडव्या फ्रेट्सचं, गणित मी तपासलं. मेरूपासून (दांडीच्या टोकाची, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) घोडीपर्यंत (कातड्यावर तारा जिच्यावर टेकतात ती) लांबी ३३० मिमी. जुने कारागीर ‘अठराचा नियम’ वापरत: उरलेल्या लांबीचा अठरावा भाग मोजायचा, तिथे पडदा, पुन्हा उरलेल्याचा अठरावा भाग, पुढचा पडदा. काटेकोर आकडा १७.८१७ आहे. फरक क्षुल्लक वाटतो, पण अठराने गेलं तर बारावा पडदा १६५ ऐवजी १६३.८ मिमीवर पडतो. माझ्याकडे तो १६५ ला, कॅलिपरच्या अचूकतेत. आणि मधल्या कुठल्याच पडद्याच्या खाचेजवळ पेन्सिलीची खूण किंवा घसरलेल्या करवतीचा ओरखडा नाही. म्हणजे खाचा एकेक मोजून पाडलेल्या नाहीत. एका दांड्यावर अंतराने बसवलेल्या गोल करवतींच्या रांगेत पट्टी घालून सगळ्या एकदम पाडल्या असाव्यात. इतकं स्वस्त वाद्य, पण सुरात पक्कं, ते या यंत्रामुळे. पडदे निकेल सिल्व्हरचे आहेत, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल. चांदी त्यात अजिबात नसते.

खुंट्या साध्या घर्षणाच्या. पाठीमागे एक स्क्रू आहे, तो आवळला की खुंटी घट्ट होते. गिअर नाहीत, खुंटी जेवढी फिरते तेवढीच तार ओढली जाते, त्यामुळे सूर लावताना हात फार हलका लागतो.

कातडं वासराचं, एका बाजूने फाटलेलं. ते बदलायचंय. त्याबद्दल मतं हवी आहेत.

प्रश्नचिन्ह

छान लिहिलंय. बेंजो म्हटल्यावर आमच्या डोळ्यापुढे गणपतीची मिरवणूक येते. तो आणि हा एकच का?

गिरगावची पोर

नाही हो, दोन्ही वेगळे. मिरवणुकीतला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि तारा छेडायच्या. त्याचं मूळ जपानी ताइशोगोतो, नागोयाच्या गोरो मोरिताने १९१२ मध्ये काढलेलं. आपल्याकडे त्याला पिकअप लावून अँप्लिफायरला जोडतात. त्यात कातडं नसतंच, लाकडी पेटी असते.

तंतुवेडा, कातड्याबद्दल: प्लॅस्टिक लावा. मी ढोलकीच्या साथीला बसते. जून ते सप्टेंबर मुंबईत कातडी पान कसं वागतं ते मला विचारा. सूर लावून उठावं आणि चहा घेऊन परत यावं तर उतरलेला. तुमच्याकडे तर बारा महिने पाऊस.

शिकागोकर

वा, या विषयावर मराठीत वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

“आधी ढोल” हे तुमचं निरीक्षण शिकागोचा इतिहास बघितला की शब्दशः खरं ठरतं. इथली लुडविग ही ड्रमची कंपनी. विसाच्या दशकात ती बँजोत उतरली, आणि तिची बँजो-युके आजही वादक शोधत असतात. वेंडेल हॉल या गायकाच्या नावाने निघालेलं मॉडेल तर फारच. स्लिंगरलँडची गोष्ट उलटी. ती बँजो-युकुलेलेवाली, लुडविग आपल्या धंद्यात घुसली म्हणून १९२८ च्या सुमारास ड्रममध्ये गेली. दोघींनाही जमलं, कारण काम एकच: लाकडाची पट्टी वाकवून गोल करायची, त्यावर कातडं चढवायचं, सभोवार आकड्यांनी (हुकांनी) ताणायचं.

लायन अँड हीली, हार्मनी, रीगल, सगळ्या शिकागोच्याच. घाऊक व्यापाऱ्यांसाठी इथे ढिगाने वाद्यं बनायची, दुकानदार आपलं नाव लावायचा किंवा काहीच लावायचा नाही. गिब्सन मात्र तेव्हा मिशिगनमधल्या कॅलमझूची. त्यांच्या युबी-१ चं कातडं जेमतेम ६ इंचाचं, युबी-२ आणि युबी-३ ला ८ इंची. या दोन इंचांनी आवाजात केवढा फरक पडतो! सहा इंचीचा आवाज टणक आणि चिमटा काढल्यासारखा. आठ इंचीला पोट असतं.

तुमचं वाद्य इंग्लिश की अमेरिकन? आकड्यांच्या नटांचे आटे मोजलेत का?

तंतुवेडा

शिकागोकर, तुमच्या प्रश्नामुळे मोजले. अमेरिकी मापाचा एकही नट बसला नाही. ५ बी.ए. चा मात्र अलगद फिरला. बी.ए. म्हणजे ब्रिटिश असोसिएशनचे आटे, १८८४ पासूनचे, ४७.५ अंशांच्या कोनाचे, घड्याळं-उपकरणांसारख्या बारीक कामासाठी ठरवलेले. सोळाच्या सोळा आकडे तसेच निघाले. एखाद-दुसरा असता तर नंतर कुणीतरी बदलला म्हटलं असतं. तेव्हा जन्म इंग्लंडचा, असं मी धरून चाललोय.

काळाबद्दल एवढंच म्हणता येईल की सगळे स्क्रू एका खाचेचे आहेत. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर पसरले. पण एका खाचेचे त्यानंतरही कितीतरी वर्षं वापरात होते, त्यामुळे हा पुरावा एकट्याने पुरा पडत नाही. दर्शनी पट्टीवर मोतिया सेल्युलॉइड आहे, ते त्या काळाशी जुळतं. ज्यांच्याकडे असं काही असेल त्यांनी लक्षात ठेवा, हे सेल्युलॉइड पेट घेतं. सोल्डरिंगची किंवा तापवायची कामं त्याच्याजवळ नकोत.

मिरजेचा पाहुणा

माझं आजोळ मिरजेचं, सतारमेकर गल्लीशेजारचं, म्हणून राहवत नाही.

बँजोचा पूर्वज भोपळ्याचा होता हे इथे नोंदवायला हवं. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत भोपळ्यावर कातडं मढवून, काठी खुपसून हे वाद्य उभं केलं. ती आरपार काठी, जिला तुम्ही पर्च पोल म्हणता, ती तिथूनच आलेली आहे. कारखान्यांनी भोपळ्याच्या जागी वाकवलेली रिम आणली. १८४० च्या दशकात बाल्टिमोरच्या विल्यम बाउचरने तसे बँजो विकायला सुरुवात केली, पण त्या काठीला कुणी हात लावला नाही. ज्यांनी हे घडवलं त्यांची नावं कुठल्याच वाद्यावर नाहीत. तुमच्या निनावी वाद्याच्या धाग्यात त्यांची आठवण निघावी असं मनापासून वाटलं.

आमच्याकडे तंबोऱ्याला भीमेकाठचे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे येतात. तिथे सगळा खेळ सरसाच्या सांध्यांचा. तंबोरा उघडायचा म्हणजे सांधा ऊब देऊन हळूहळू सोडवायचा, त्याला कारागीरच हवा. तुमचा पाना-स्क्रूड्रायव्हरचा मुद्दा वाचून हेवा वाटला.

एक शंका. घोडी कातड्यावर नुसती टेकवलेली असते ना? मग जवारीसारखं (तंबोऱ्याच्या घोडीचा माथा घासून तारेला गुंजन आणतात तसं) काही करतात का?

तंतुवेडा

तुम्ही लिहिलंत ते माझ्या लेखात असायलाच हवं होतं. आभार.

घोडी नुसती टेकवलेली, तारांच्या दाबावर उभी. मेपलची, वर एबनीची बारीक पट्टी. जवारी नाही, उलट तार जितक्या धारदार रेषेवर टेकेल तितकं चांगलं. कातडं हलकं, त्यामुळे तारेची सगळी ऊर्जा ते भराभर हवेत टाकतं. म्हणून आवाज मोठा आणि लगेच संपणारा. तंबोऱ्याच्या अगदी उलट टोक. म्हणूनच यावर उजव्या हाताच्या लयीला इतकं महत्त्व आलं. विगनचा जॉर्ज फॉर्म्बी (१९०४–१९६१), ज्याच्यामुळे लँकेशरमध्ये हे वाद्य घराघरांत गेलं, त्याची ख्याती सुरावटींपेक्षा त्या मोडून-मोडून मारलेल्या ‘स्प्लिट स्ट्रोक’मुळे आहे. सूर टिकत नाही, म्हणून हाताने जागा भरायची.

मांडवीकाठ

गोव्यातून. कातड्याच्या वादात आमचाही अनुभव घ्या. घुमटाला, म्हणजे आमच्या मातीच्या चर्मवाद्याला, पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बंद व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात बराच काळ चोरून चाललं. आता बकरीचं वापरतात, आणि २०१९ मध्ये राज्य सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. जुनी माणसं म्हणतात तो गुंजणारा खर्ज गेला. मी दोन्ही ऐकलंय, फरक आहेच. पण बकरीच्या कातड्यावर हात बसलेली नवी मुलं वेगळं आणि फार सुंदर वाजवतात. कातडं बदललं की वाजवणं बदलतं. कातडं लावा किंवा प्लॅस्टिक लावा, पण दोन्हींकडून एकाच आवाजाची अपेक्षा धरू नका.

गिरगावची पोर

मांडवीकाठ, पटलं. तरीही मी प्लॅस्टिकच्याच बाजूने. तबल्याला शाई असते, तिचा सूर प्लॅस्टिकवर उमटत नाही, तिथे कातड्याला पर्याय नाही. बँजोला शाई नाही. मग दमट हवेत रोज भांडत का बसायचं?

शिकागोकर

इतिहासाच्या बाजूने भर घालतो. पॉलिएस्टरची पानं ड्रमवर आली ती १९५७ च्या सुमारास, चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांच्यामुळे. त्याआधी बनलेलं प्रत्येक बँजो-युके कातड्यासाठी मोजून बनवलंय. कातडं जाड, त्याची घडी जाड. प्लॅस्टिकचं तयार पान ठरावीक मापात येतं आणि जुन्या रिमा एखाद-दोन मिलिमीटरने इकडेतिकडे असतात. पान अडकलं तर लोक रिम घासतात. कृपा करून ते कधीही करू नका. रिम घासली की ती परत येत नाही.

तंतुवेडा

रिम घासणार नाही, निश्चिंत राहा. सगळ्यांचं वाचून वासराचं कातडंच लावायचं ठरवलं, आणि काल चढवलं. गिरगावची पोर, तुमचा मुद्दा रोज कार्यक्रम करणाऱ्यासाठी अगदी बरोबर आहे. मला घरात वाजवायचंय आणि हवा बदलली तर दोन नट फिरवायला माझी हरकत नाही.

कृती लिहितो, कुणाला उपयोगी पडेल. कातडं थंड पाण्यात अर्धा तास, ओल्या कापडासारखं लुळं होईपर्यंत. गरम पाणी चालणार नाही, कातडं आकसून कडक होतं. मग ते रिमवर पसरायचं, वरून तारेचं पातळ कडं ठेवायचं, कातड्याची कड त्या कड्यावरून वर दुमडायची आणि त्यावर ताण देणारं जाड कडं बसवायचं. कातडं दोन कड्यांमध्ये चिमटीत सापडतं. ओढ वाढेल तशी ती चिमटी आणखी घट्ट होते, ना खिळा लागतो ना सरस. आता आकडे लावून नट जेमतेम आवळायचे आणि कडेची टोकं पक्कडीने ओढून सुरकुत्या काढायच्या. इथेच लोक घाई करतात. ओलं असताना कडं पार खाली ओढलं तर वाळताना आकसायला कातड्याला वाव राहत नाही, आणि रात्री कधीतरी ते फाटतं. कडं पितळी कड्याच्या वर राहू द्यायचं, खाली ओढायला पुढची कित्येक वर्षं जागा हवी.

वाळायला पूर्ण दिवस-रात्र, हीटरपासून लांब. त्यानंतर समोरासमोरचे नट जोडीने, पाव-पाव फेरा. एका बाजूने गोल फिरत गेलात तर कडं तिरकं बसतं. प्रत्येक आकड्याजवळ बोटाने टिचकी मारून ऐकायचं, सगळीकडे एकच सूर येईतो. तबल्याची सगळी घरं सुरात मिळवलेल्या माणसाला हे शिकवावं लागणार नाही. शेवटी वर उरलेली कड धारदार पात्याने कापायची, पात्याची धार बाहेरच्या दिशेला.

प्रश्नचिन्ह

वाचून मलाही घ्यावंसं वाटतंय. तारा कुठल्या लावायच्या आणि कोणत्या सुरांत?

तंतुवेडा

जुन्या काळी तात (आतड्याची तार) असायची, आता नायलॉन किंवा फ्लुओरोकार्बन. पोलादी तारा अजिबात नकोत, या खुंट्या त्यांना धरत नाहीत आणि बारीक दांडी वाकते.

पांढरी एकला सा धरला तर तारा अशा: प, सा, ग, ध. यातला प मंद्रातला नाही, मध्य सप्तकातला आहे. म्हणजे वरची पहिली तार जाड नसून बारीकच. नवशिक्याने तिथे खर्जाची तार लावली की सगळा बाज जातो. विसाच्या दशकात पुष्कळजण हेच सूर एक स्वर चढवून, पांढरी दोनला लावायचे. लहान रिमवर ते जास्त खुलतं, कारण कातड्यावर दाब वाढतो.

आणि घेतलंत तर घोडीची जागा आधी बघा, दुकानात बहुतेक वेळा ती सरकलेली असते. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून छेडा, मग त्याच पडद्यावर दाबून छेडा. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडी शेपटीकडे सरकवा, उतरलेला असेल तर दांडीकडे. तारा थोड्या सैल करून सरकवायची, ताणलेल्या तारांखाली ओढलीत तर कातड्यावर चरा पडतो. दोन्ही स्वर जुळले की पेन्सिलने घोडीच्या पायांभोवती हलकी खूण करून ठेवा, तारा बदलताना घोडी निघतेच.